शून्याखालचं पाणी

मराठवाड्यातल्या अकरा मोठ्या प्रकल्पांचा पाणीसाठा एका तक्त्यात मांडलेला असतो. जायकवाडी, येलदरी, माजलगाव, मांजरा, विष्णुपुरी या नावांच्या रांगेत सिद्धेश्वर हेही एक नाव. हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात, पूर्णा नदीवर १९६८ मध्ये पूर्ण झालेलं हे धरण. एखाद्या कोरड्या वर्षी ऐन वैशाखात या नावापुढे ‘शून्य टक्के’ असा आकडा आला, तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे भेगाळलेला तळ उभा राहतो. पण धरणाच्या मूळ हिशेबाप्रमाणे त्या दिवशी सिद्धेश्वरमध्ये सुमारे १७० दशलक्ष घनमीटर, म्हणजे सतरा हजार कोटी लिटर पाणी असतं. शून्य टक्के साठ्याचं हे धरण खरं तर दोनतृतीयांश भरलेलं असतं!

धरणातून कालव्याला पाणी देणाऱ्या दाराचा उंबरा एका ठरावीक उंचीवर बांधलेला असतो. त्याच्या वरचं पाणी आपल्याच भाराने कालव्यात उतरतं, म्हणून ते उपयुक्त साठ्यात धरतात. उंबऱ्याखाली कितीही पाणी असलं तरी ते कालव्यात जाऊ शकत नाही. तो मृतसाठा. सिद्धेश्वरचा एकूण साठा २५०.८५ दशलक्ष घनमीटर, म्हणजे खात्याच्या भाषेत दलघमी. त्यातला उपयुक्त फक्त ८०.९६. उरलेलं सगळं पाणी वरच्या पाण्याला कालव्याच्या तोंडापर्यंत उचलून धरतं. कालव्याला उतार हवा, उतारासाठी त्याचं तोंड उंचावर हवं, आणि नदीचं पाणी त्या उंचीला नेण्यासाठी खाली एवढा मोठा जलाशय साठवून ठेवावा लागतो. सोलापूरकरांना हा प्रकार उजनीमुळे पाठ आहे. तिथे एकूण सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाण्यापैकी ६३.६६ टीएमसी मृतसाठा आहे, आणि तो वापरायला काढला की तक्त्यात ‘उणे’ टक्के छापले जातात. सिद्धेश्वरमध्ये मृतसाठ्याचा वाटा उजनीपेक्षाही मोठा आहे. हिंगोली शहर पिण्यासाठी याच धरणाच्या पाण्यावर अवलंबून आहे. पिण्यासाठी पंपाने पाणी उचलता येतं, त्यामुळे शून्याखालचं हे पाणी टंचाईच्या दिवसांत फार मोलाचं ठरतं.

मला या सगळ्यात सर्वांत थक्क करणारी गोष्ट अशी की, यातलं एक लिटरही कुणी मापाने मोजलेलं नाही. रोज मोजली जाते ती फक्त पाण्याची उंची. धरणाच्या भिंतीशी एक आखीव पट्टी असते आणि सकाळी तिच्यावरचा आकडा वाचला जातो. येलदरी धरणाची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून ४६१.७७ मीटर आहे. त्यातले दशांशचिन्हापुढचे दोन आकडे पाहा. मैलोन्‌मैल पसरलेल्या पाण्याची उंची सेंटीमीटरपर्यंत धरलेली आहे. ती उंची एका कोष्टकात शोधायची, की समोर घनमीटर मिळतात. हे कोष्टक तयार व्हायला मात्र आख्ख्या खोऱ्याची मोजणी करावी लागते. धरण बांधण्याआधी जमिनीचे चढउतार समपातळी रेषांनी कागदावर उतरवतात आणि प्रत्येक उंचीला पाणी किती पसरेल, त्याखाली किती मावेल, याचा हिशेब मांडतात. खोऱ्याचा आकार परातीसारखा, तळाशी लहान आणि वर पसरट. म्हणून तळाजवळ पातळी मीटरभर चढली तर साठ्यात थोडी भर पडते, आणि काठोकाठ भरत आलेल्या धरणात तेवढ्याच चढाने साठा कितीतरी वाढतो. एक चौरस किलोमीटर पाण्यावर फक्त एक सेंटीमीटरचा थर चढला तरी ते एक कोटी लिटर होतात. पट्टी वाचणाऱ्या माणसाची नजर बोटभर चुकली तर हिशेबात किती पाणी इकडचं तिकडे होईल, याची कल्पना यावरून येते.

धरणात येणारं पाणी, ज्याला खात्यात ‘येवा’ म्हणतात, तेही बहुतेक वेळा थेट मोजत नाहीत. सगळे ओढे-नाले मोजणार कसे? तो उलटा काढतात. काल साठा किती होता, आज किती आहे, मधल्या काळात दरवाजे आणि कालवे मिळून किती पाणी बाहेर गेलं, किती उन्हाने उडालं, हे सगळं मांडलं की जे गणितात बसत नाही ते पाणी नदीने आणलेलं. म्हणजे सबंध जलाशयच एक मोठं पर्जन्यमापक झालं. उन्हाने उडणारं पाणी मोजायलाही एक साधं साधन आहे. धरणावर सव्वा मीटर रुंदीची, पाव मीटर खोलीची पत्र्याची गोल टाकी भरून ठेवतात आणि तिची पातळी रोज किती उतरली ते पाहतात. मे महिन्यात मराठवाड्यात ही उतरण दिवसाला सेंटीमीटरच्या घरात जाते. टाकीतलं पाणी जलाशयापेक्षा लवकर तापतं, म्हणून त्या आकड्याला एका गुणकाने कमी करून घेतात. गुणकाने कमी केल्यावरही उरतं ते थोडं नाही. पाणीपाळी न देता, कुणाची तहान न भागवता, चौरस किलोमीटरमागे रोज लाखो लिटर पाणी नुसतं आभाळात जातं.

सिद्धेश्वरचा येवा वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. नदीच्या वरच्या अंगाला, परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात येलदरी धरण आहे. ही दोन्ही धरणं पूर्णा प्रकल्प म्हणून जोडीनेच बांधली. येलदरीचा उपयुक्त साठा सुमारे ८१० दलघमी, म्हणजे सिद्धेश्वरच्या बरोबर दहा पट. येलदरीच्या पायथ्याशी साडेसात मेगावॉटचे तीन जनित्रसंच आहेत. तिथे वीज तयार करून बाहेर पडलेलं पाणी पूर्णेतून खाली सिद्धेश्वरमध्ये येतं, तिथे अडतं आणि कालव्यांनी हिंगोली, परभणी, नांदेड जिल्ह्यांच्या शेतांत जातं. एका धरणाने साठवायचं आणि वीज काढायची, दुसऱ्याने अडवून वळवायचं, अशी ही वाटणी. त्यामुळे भर उन्हात, थेंबभर पाऊस नसताना सिद्धेश्वरची पातळी चढू शकते. आणि धो धो पाऊस असूनही येलदरी रिकामं असेल तर नदीचं वरच्या अंगाचं पाणी तिथेच थांबतं. येलदरीच्याही वर, बुलढाणा जिल्ह्यात देऊळगाव राजाजवळ खडकपूर्णा धरण आहे, ज्याला संत चोखा सागर म्हणतात. ते भरल्याशिवाय त्याच्या वरचं पाणी येलदरीकडे निघत नाही. म्हणून सिद्धेश्वर किती भरेल हे सांगायचं तर अजिंठ्याच्या डोंगरातल्या पावसापासून सुरुवात करावी लागते, कारण पूर्णा तिथे उगम पावते.

पुराच्या रात्री हे गणित फार वेगाने फिरतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. हजार क्युसेक दिवसभर वाहिले तर जवळजवळ अडीच दलघमी पाणी होतं. या हिशेबाने ३३ हजार क्युसेकचा प्रवाह सिद्धेश्वरचा सगळा उपयुक्त साठा एका दिवसात भरून टाकेल. मोठ्या नदीच्या पुरापुढे ३३ हजार हा काही फार मोठा आकडा नाही. म्हणून येलदरीचे दरवाजे उघडायचे ठरले की सिद्धेश्वरचे दरवाजे केव्हा आणि किती उचलायचे हेही लागलीच ठरवावं लागतं. नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा जातो, गुरंढोरं, मोटारी, पाइप काठावरून हलवा म्हणून दवंडी पिटली जाते. त्या दवंडीच्या मागे एक पट्टी, एक कोष्टक आणि वरच्या धरणावरून आलेला एक फोन असतो.

धरणातलं पाणी निदान एका जागी उभं असतं. वाहतं पाणी मोजायचं म्हणजे पळत्याची उंची घेण्यासारखी गोष्ट. तरी ते मोजतात, आणि फार सुंदर रीतीने. नदीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत दोरीने किंवा पुलावरून ठरावीक अंतरं आखून घेतात. प्रत्येक ठिकाणी खोली मोजतात आणि वाट्या लावलेलं एक चक्र पाण्यात सोडतात. वेग जितका जास्त तितके फेरे जास्त. आता प्रश्न असा की, चक्र किती खोल सोडायचं? पृष्ठभागाजवळ पाणी वेगाने धावतं, तळाशी दगडधोंडे त्याला अडवतात. पण पृष्ठभागापासून खाली, खोलीच्या सहा-दशांशावर, पाण्याचा वेग त्या जागच्या सरासरीइतका भरतो. खोली पाच मीटर असेल तर तीन मीटरवर. जगभरच्या नद्यांमध्ये हा नियम जवळजवळ लागू पडतो, म्हणून एका बिंदूवर मोजलं तरी उभ्या ओळीतल्या सगळ्या पाण्याचा वेग कळतो. नदी जास्त खोल असेल तर दोन-दशांश आणि आठ-दशांश अशा दोन खोल्यांवर मोजून सरासरी घेतात.

रोज असं नदीत उतरणं शक्य नसतं. म्हणून वेगवेगळ्या पातळ्यांना अशा मोजण्या करून एक आलेख बनवतात, ज्यात एका बाजूला पाण्याची उंची असते आणि दुसऱ्या बाजूला वाहणारं पाणी. मग काठावरची पट्टी वाचली की विसर्ग कळतो. उंची दुप्पट झाली तर पाणी दुपटीपेक्षा बरंच जास्त वाहतं, कारण पूर चढताना पात्र रुंदावतं आणि वेगही वाढतो. पण एका मोठ्या पुराने वाळू सरकवली, काठ कोरला की तो आलेख चुकायला लागतो आणि मोजणी पुन्हा करावी लागते. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने असं पहिलं केंद्र १८८९ मध्ये न्यू मेक्सिकोत, एम्बुडो गावाजवळ रिओ ग्रांदे नदीवर उभारलं. आपल्या खोऱ्यात केंद्रीय जल आयोगाचं केंद्र पूर्णा नदीवर पूर्णा गावाशी आहे, आणि तिला मिळणाऱ्या दुधना नदीवर झरी इथे आहे. गोदावरी पाणीतंटा लवादाने खोऱ्याचे बारा भाग पाडले, त्यांत पूर्णेचा भाग ‘जी-३’. राज्यांमधली पाण्याची वाटणी अशा केंद्रांवर वर्षानुवर्षं नोंदवलेल्या आकड्यांवर उभी असते.

हिंगोली जिल्ह्याचा नकाशा पाहताना मला एक गोष्ट नेहमी अद्भुत वाटते. या छोट्या जिल्ह्यातून दोन खोऱ्यांची सीमा जाते. सीमेच्या एका बाजूला पडलेला पाऊस पूर्णेत जातो, पूर्णा गावाजवळ गोदावरीला मिळतो आणि नांदेडवरून तेलंगणात उतरतो. दुसऱ्या बाजूचा पाऊस हिंगोलीजवळून वाहणाऱ्या कयाधूत जातो, कयाधूतून पैनगंगेत, पैनगंगेतून वर्धेत, पुढे प्राणहितेत. लवादाच्या हिशेबात पैनगंगा हा वेगळाच भाग, ‘जी-७’. एकाच ढगातून हातभर अंतरावर पडलेले दोन थेंब असे वेगळ्या वाटा धरतात आणि वाटेत कुणी अडवलं नाही, तर शेकडो किलोमीटर जाऊन सिरोंचाजवळ, कालेश्वरमला पुन्हा एकाच पात्रात येतात.

आता जमिनीखाली जाऊ. इथला खडक म्हणजे सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर ओतून गोठलेला लाव्हा, आपला काळा पाषाण. वाळूच्या प्रदेशात जसं कणाकणांत पाणी मावतं, तसं या खडकात मावत नाही. ते मावतं वरच्या झिजलेल्या मुरमात, मांजऱ्या खडकाच्या पोकळ्यांत आणि भेगांमध्ये. विहिरीला मिळू शकणारं पाणी खडकाच्या एकूण आकारमानाच्या दोन टक्क्यांच्या आसपास असतं. हा आकडा ऐकून निराश व्हायला होतं, पण त्यातूनच एक विलक्षण गोष्ट निघते. खडकात पाण्याला जागा इतकी कमी, की नुसतं २० मिलिमीटर पाणी मुरलं तरी विहिरीची पातळी एक मीटर चढते! हिंगोलीत पावसाळ्यात साधारण ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. भूजलाच्या सरकारी अंदाजपद्धतीत अशा खडकासाठी पावसाच्या सात ते तेरा टक्के पाणी मुरतं असं धरतात. दहा टक्के धरले तर ८० मिलिमीटर, म्हणजे विहिरीत चार मीटर. श्रावण-भाद्रपदात काठोकाठ आलेली विहीर पाहून शेतकऱ्याला जमिनीत समुद्र साठल्यासारखं वाटतं. पण तो साठा म्हणजे शेतभर पसरलेला टीचभर खोलीचासुद्धा थर नसतो, आणि म्हणूनच उपसा सुरू झाला की पातळी चढली त्याच झपाट्याने उतरते.

हे सगळं पाहायला राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. तिची स्थापना १९७२ ची, म्हणजे मोठ्या दुष्काळाच्या वर्षातली. या यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी गावोगाव पसरलेल्या आहेत. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा त्यांची पातळी घेतात. विहिरीच्या काठावरच्या एका ठरलेल्या खुणेपासून पाण्यापर्यंत टेप सोडायचा, एवढंच ते काम. मे महिन्यात पाणी सर्वांत खाली, ऑक्टोबरमध्ये सर्वांत वर. दोन्हींतला फरक म्हणजे त्या पावसाळ्याची कमाई. ऑक्टोबरची पातळी मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहिली की पुढच्या उन्हाळ्यात कोणत्या गावांत टंचाई येईल याचा अंदाज सहा-सात महिने आधी बांधता येतो. गावकरी हेच काम परस या खोलीच्या जुन्या मापाने करत आले आहेत. ‘यंदा विहिरीत दोन परस पाणी कमी आहे’ हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्यांचं निरीक्षण असतं. काही ठिकाणी आता विहिरींत स्वयंचलित यंत्रं सोडलेली आहेत. ती पाण्याचा दाब पाहून पातळी ओळखतात आणि आकडे आपोआप पाठवतात. वसमतच्या हळदीसारखं पीक मे-जूनमध्ये लावलं की फेब्रुवारी-मार्चपर्यंत शेतात असतं. अशा पिकाच्या शेतकऱ्याला धरणाच्या टक्केवारीइतकीच, किंबहुना जास्तच, आपल्या विहिरीची ऑक्टोबरातली पातळी महत्त्वाची.

आतापर्यंत मी नदी, धरण आणि भूजल असे तीन हिशेब सांगितले. पण पाणी एकच आहे, आणि मोजणाऱ्यांची खरी कसोटी इथेच लागते. मार्गशीर्षात, पाऊस थांबून दोन महिने झाल्यावर, ओढ्यात झुळझुळणारं पाणी आलं कुठून? ते विहिरींच्या थरातून पाझरून आलेलं असतं. तेच पुढे धरणात जाऊन येवा म्हणून नोंदवलं जातं. धरणातून रब्बीचं आवर्तन सुटलं की कालव्यातून आणि भिजलेल्या शेतांतून काही पाणी परत मुरतं, लाभक्षेत्रातल्या विहिरी चढतात, आणि आता तेच पाणी भूजल म्हणून मोजलं जातं. म्हणून भूजलाच्या अंदाजात पावसाने मुरलेलं आणि कालव्याने मुरलेलं पाणी वेगवेगळं मांडतात. तसं केलं नाही, तर एकाच पाण्याची दोनदा मोजणी होईल, आणि कागदावर श्रीमंत दिसणारं खोरं प्रत्यक्षात तहानलेलं असेल. धरणाचे टक्के, नदीचा विसर्ग आणि विहिरींची पातळी हे तिन्ही आकडे शेजारी ठेवून वाचले तरच खोऱ्याची प्रकृती कळते. वर्तमानपत्रात त्यांतला पहिलाच तेवढा छापून येतो, याचं मला वाईट वाटतं.

मोजणीची झेप अलीकडे आभाळापर्यंत गेली आहे. १७ मार्च २००२ रोजी ‘ग्रेस’ नावाचे दोन जुळे उपग्रह सोडण्यात आले. एकामागे एक, सुमारे २२० किलोमीटरचं अंतर राखून ते पृथ्वीभोवती फिरत. त्यांच्याकडे पाणी पाहणारा कॅमेरा नव्हता. खाली जिथे वस्तुमान जास्त, तिथे गुरुत्वाकर्षण किंचित जास्त. पुढचा उपग्रह आधी ओढला जाई आणि दोघांमधलं अंतर तेवढ्यापुरतं बदले. हा बदल ते मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत टिपत. पावसाळ्यात भिजलेली जमीन जड होते, उपसा झालेली जमीन हलकी होते, आणि तो भार अवकाशातून तोलला गेला! राजस्थान, पंजाब, हरियाणा या पट्ट्यात २००२ ते २००८ या काळात १०९ घनकिलोमीटर भूजल कमी झाल्याचं अशा मोजणीतून २००९ मध्ये जाहीर झालं. सिद्धेश्वरचा उपयुक्त साठा तेराशेहून जास्त वेळा भरेल एवढं ते पाणी. ग्रेसची नजर मात्र फार मोठ्या प्रदेशाची होती, एकटं सिद्धेश्वर तिला दिसत नसे. ते दिसेल डिसेंबर २०२२ मध्ये गेलेल्या ‘स्वॉट’ उपग्रहाला. पाव किलोमीटर लांबी-रुंदीच्या तळ्यापासून पुढच्या पाण्याची उंची तो रडारने मोजतो.

ग्रेसच्या पुढच्या जोडीत, २०१८ मध्ये, उपग्रहांमधलं अंतर लेसरनेही मोजायला सुरुवात झाली. आणि इथे योगायोग असा की, लेसरने अंतर मोजणाऱ्या विद्येचं भारतातलं सर्वांत मोठं केंद्र याच औंढा नागनाथ तालुक्यात व्हायचं आहे. दुधाळा इथल्या ‘लायगो-इंडिया’ प्रकल्पाला एप्रिल २०२३ मध्ये केंद्राची सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमध्ये लेसर धावेल आणि दूरच्या कृष्णविवरांच्या टकरींतून निघालेल्या गुरुत्वीय लहरी तिथे टिपल्या जातील. तिथे मोजायचा बदल प्रोटॉनच्याही कितीतरी लहान भागाइतका असेल.

इतक्या साधनांच्या काळातही सिद्धेश्वरच्या बाबतीत एक आकडा पुन्हापुन्हा तपासावा लागतो, आणि तो म्हणजे सुरुवातीचाच, धरणात पाणी मावतं किती हा. पूर्णा दर पावसाळ्यात काळी माती घेऊन येते. गाळ तळाशी, मृतसाठ्याच्या जागेत बसेल असं धरणं आखताना गृहीत धरत. प्रत्यक्षात जड गाळ नदी जलाशयात शिरते तिथेच, संथ झालेल्या पाण्यात, बराचसा खाली बसतो आणि उपयुक्त साठ्याचीही जागा खातो. म्हणून जलाशयांचं नव्याने मापन करतात. होडीतून ध्वनिलहरी तळाकडे सोडून खोली घेतात, किंवा वेगवेगळ्या पातळ्यांना पाणी कुठवर पसरलं हे उपग्रहाच्या चित्रांवरून आखतात. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था उपग्रहचित्रांवरून हे काम करत आली आहे. नवं मापन आलं की कोष्टक बदलतं, आणि पट्टीवरच्या त्याच सेंटीमीटरला पूर्वीपेक्षा कमी पाणी लिहावं लागतं. आज तक्त्यात सिद्धेश्वरपुढे जो टक्का दिसतो, तो ८०.९६ दलघमीच्या हिशेबाने काढलेला असतो.